टायटल वन शाळा म्हणजे ‘अनुदानित’ शाळा का?

प्रश्न न्यू जर्सीहून आलाय. मुलाच्या शाळेचं पत्र आलं: आमची ‘टायटल वन’ शाळा आहे, पालकसभेला या. (अमेरिकेत केंद्र सरकारचा खास निधी मिळणारी ती टायटल वन शाळा.) ताईंनी ते साताऱ्याला वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. वडील निवृत्त मुख्याध्यापक. ते लगेच म्हणाले, “म्हणजे अनुदानित!” तर हा शब्द चालेल का?

पैसे सरकारचे, म्हणून शब्द चुकीचा नाही. पण त्याने डोळ्यासमोर भलतीच शाळा उभी राहते. आपल्याकडे अनुदानित म्हणजे संस्था खाजगी आणि पगार सरकारी. “आमची शाळा वीस टक्क्यांवर आली” असं म्हणत एखादे सर पेढे वाटतात, तेव्हा अर्थ एवढाच, की वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवल्यावर टप्पा अनुदान सुरू झालं. अनुदानावर शाळेची चूल पेटते.

टायटल वन शाळेची चूल आधीच पेटलेली असते. ती मुळात सार्वजनिक शाळा. (तिला ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं तर इकडच्यांना भरमसाट फी आणि टाय आठवणार!) पगार वगैरे बहुतेक खर्च राज्याच्या आणि स्थानिक करांतून, त्यातही मोठा भाग घरपट्टीतून भागतो. केंद्राचा सगळा वाटा साधारणपणे दहा टक्क्यांच्या आतबाहेर. आता घरपट्टीवर शाळा चालवायची म्हटल्यावर स्वस्त घरांच्या वस्तीत शाळेचीही ओढाताण होणारच. तिथे भर घालायला १९६५चा कायदा आला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली ती टेक्सासमध्ये, लहानपणी ज्या शाळेत गेले तिच्यापाशी, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून.

‘टायटल वन’ हा त्या कायद्याचा पहिला भाग. एका भाषांतरात त्याचं ‘शीर्षक एक’ झालेलं वाचून मी कपाळाला हात लावला होता.

या पैशाची मुख्य अट अशी, की तो जादाचा पैसा आहे. मामा पुस्तकांना पैसे पाठवतो म्हणून बापाने फी भरायची थांबवायची नाही. राज्याने आणि स्थानिक मंडळाने आपला हात आखडता घ्यायचा नाही. या पैशातून वाचनात मागे पडलेल्यांसाठी जादा शिक्षक, शाळेनंतरचे वर्ग असलं काही करायचं. म्हणून मला ‘पूरक निधी’ जवळचा वाटतो.

ताईंचा दुसरा प्रश्न: हा निधी ज्यांच्यासाठी, त्या ‘डिसअ‍ॅडव्हान्टेज्ड’ मुलांना मराठीत काय म्हणायचं? ‘वंचित’ सहज सुचतो, पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्यापासून आपल्याकडे शाळाप्रवेशात ‘वंचित घटक’ म्हणजे मुख्यतः जात, अपंगत्व वगैरे. उत्पन्नावर ठरतो तो ‘दुर्बल घटक’. टायटल वनचा निधी गरिबीच्या आकड्यांवर वाटला जातो, म्हणजे ‘दुर्बल घटक’ जवळचा. मात्र शाळेत पोचल्यावर हिशेब बदलतो. चाळीस टक्के मुलं गरीब घरांतली असली, की शाळा तो पैसा सगळ्यांसाठी वापरू शकते. त्याहून कमी असली तर मदत अभ्यासात मागे पडलेल्यांना, मग बापाचा पगार कितीही असो. तिथे ‘दुर्बल’ही नको, सरळ ‘मागे पडलेली मुलं’ म्हणा.

वडिलांना सांगायचं तर, “शाळा सरकारीच आहे, बाबा. गरीब घरची मुलं बरीच आहेत म्हणून केंद्राकडून जादाचा पैसा येतो.” आणि नाव मात्र ‘टायटल वन शाळा’ असंच राहू द्या.