बीटाला पाला भरपूर येतोय पण खाली गड्डाच धरत नाही, कुंडीत लावलंय, काय चुकतंय?

बहुतेक विरळणी केली नसणार. बीटाचं जे खडबडीत बी आपण टोचतो ना ते एकच बी नसतं, दोन-चार बियांचा घोसच असतो तो, त्यामुळे एका जागी तीन-तीन रोपं येतात आणि एकमेकांना चिकटून वाढली की कुणालाच पोसायला जागा मिळत नाही. रोपं तीन-चार इंचांची झाली की एका जागी एकच ठेवा, बाकीची उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा, म्हणजे ठेवलेल्या रोपाची मुळं हलत नाहीत. दोन रोपांत चार बोटं तरी अंतर हवंच. कापलेला कोवळा पाला पीठ पेरून भाजीत मस्त लागतो, फेकू नका.

दुसरं म्हणजे शेणखत, युरिया जास्त झालं असेल तर नुसता पालाच माजतो, ते आता बंद करा आणि मूठभर राख मातीत मिसळा. ऊन पाच-सहा तास पाहिजेच, ग्रिलमधल्या सावलीतल्या कुंडीत गड्डा धरणं कठीण.

आणि लावलं कधी? आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर बेस्ट, मार्चच्या उन्हात लावलं तर बीट नीट पोसत नाही आणि आत पांढरी वलयं दिसतात. साधारण ६०-७० दिवसांत काढायला येतं, टेनिस बॉलएवढं झालं की काढाच, जास्त ठेवलं तर जून होऊन रेषा लागतात. पाणी मात्र रोज थोडं थोडं, एकदम सुकवून मग बदाबदा ओतलं तर तडकतं.