डिंक, सरस की चीक?

सोलापुरातल्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारलंय: समुद्रातले शिंपले (कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात ते) पाण्याखाली खडकाला घट्ट चिकटतात, त्या द्रव्याला हाताशी आलेल्या टिपणात 'जैविक गोंद' म्हटलंय. मराठीत काय म्हणावं? डिंक, खळ, सरस, की सरळ वज्रलेप?

गोंद आधी काढून टाका. तो हिंदीतला डिंकच. आणि बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणजे इथे नेमकं उलटं काम. खळीचंही तेच. आपल्याकडे मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, ती धुतली की गेली. सरस बराच जवळचा, कारण जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेलं ते प्रथिनच. पण ओल धरली की सरसाचा सांधा सुटतो. जुनं लाकडी सामान दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा.

ओल्या दगडावर पाण्याचा पापुद्रा असतो आणि बहुतेक चिकट पदार्थ तिथेच हरतात. शिंपला काय करतो, तर जिभेसारखा पाय बाहेर काढून खडकावर दाबतो आणि पायाच्या खोबणीत पातळ प्रथिन सोडतो. काही मिनिटांत त्याचा तंतू होतो, टोकाला चकती. त्या प्रथिनात 'डोपा' नावाचा घटक भरपूर असतो हे जीवरसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट वेट यांनी 1981 च्या सुमारास दाखवलं. पाण्याला बाजूला सारून दगड धरतो तो हाच. चकती तयार होताना पाय तिथे आम्लता राखतो. नाहीतर डोपाचं ऑक्सिडीकरण होऊन पकड ढिली पडते.

म्हणून माझं मत चीक या शब्दाला. रुईचा असो की उंबराचा, चीक जिवंत अंगातून पाझरतो, आधी पातळ असतो, मग आळतो. नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या दुधालाही आपण चीकच म्हणतो, आणि त्यातही प्रथिनंच ठासून भरलेली. अडचण एकच: उन्हाळ्यात वर्गात 'चीक' म्हटलंत तर पोरांना कुरडया आठवणार. तेव्हा 'शिंपल्याचा चीक' असं पूर्ण म्हणा, आणि व्याख्येत 'चिकट प्रथिन'.

वज्रलेप पंढरपूरच्या मूर्तीमुळे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी आहे, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याची कृतीही आहे. पण लेप म्हणजे पसरलेला थर. शिंपल्याच्या सुट्या तंतूंना तो शोभत नाही. बार्नेकलला (खडकांना चिकटून राहणारा छोटा कवचधारी समुद्री प्राणी) मात्र खुशाल वापरा. त्याचं अख्खं बूड खडकाला जडतं आणि प्राणी मेला तरी ते तिथेच राहतं.