मेडिकल शब्द घोकू नकोस, फोडायला शिक

प्रश्न : मी मराठी माध्यमातून बारावी सायन्स केलं. आता बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मेडिकल शब्द पाठ करते आणि आठवड्यात विसरते. मी चुकीचं क्षेत्र निवडलं का?

उत्तर : नाही. हे बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलींनाही ते नवेच असतात. अख्खा शब्द पाठ करण्याऐवजी तो शेवटाकडून फोड.

हायपोग्लायसेमिया घे. शेवटचा ‘एमिया’ म्हणजे रक्तातली स्थिती. मग सुरुवातीचा ‘हायपो’, म्हणजे कमी. मधला ‘ग्लायस’ साखरेचा. झालं : रक्तातली साखर कमी. इथे ‘हायपो’ऐवजी ‘हायपर’ वाचलं, तर ज्याला तातडीने साखर द्यायची त्यालाच इन्शुलिन द्यायची वेळ येईल. म्हणून शब्दाची ही सुरुवात थांबून वाचायची.

सुरुवात प्रत्ययांपासून कर, कारण तेच सगळीकडे परत परत भेटतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘अल्जिया’ म्हणजे वेदना, ‘युरिया’ शेवटी आलं की लघवीशी संबंध. सर्वांत जास्त घोळ शस्त्रक्रियांच्या नावांत होतो. ‘टॉमी’ म्हणजे छेद, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘स्टॉमी’ म्हणजे नवं तोंड उघडणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात. कोलोस्टॉमीत ते पोटावर उघडतात, आणि तिथल्या पिशवीची काळजी नर्सकडे येते.

स्पेलिंगचं कोडं जोडस्वर ‘ओ’चं, म्हणजे दोन तुकडे जोडणाऱ्या ‘ओ’चं असतं. ‘गॅस्ट्रो’ म्हणजे जठर, त्यावरून बघ. प्रत्यय स्वराने सुरू झाला की तो गळतो : गॅस्ट्रायटिस. व्यंजनाने झाला की राहतो : गॅस्ट्रोस्कोपी. दोन मूळ शब्द जोडताना मात्र पुढे स्वर असला तरी सहसा टिकतो : गॅस्ट्रोएन्टरायटिस.

रोज पाच तुकडे पुरेत. वहीत तुकडा, अर्थ आणि वॉर्डातल्या केसपेपरवरचा एक शब्द लिही. स्पेलिंग इंग्रजीतच, कारण परीक्षेत तेच लागेल. इलियमसारख्या जोड्या शेजारी-शेजारी ठेव : शेवटच्या ‘यूएम’आधी ‘ई’ असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, ‘आय’ असेल तर कमरेचं हाड. उच्चारावरून फरक कळत नाही.

फोड दरवेळी पूर्ण अर्थ देत नाही. ॲनिमियाचा शब्दशः अर्थ ‘रक्त नसणं’, प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असतं. ‘ओमा’ म्हणजे गाठ, पण हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. त्यामुळे फोडून काढलेला अर्थ डिक्शनरीत तपासूनच वहीत चढव. पार्किन्सन, क्रोन अशी माणसांच्या नावांची दुखणी तर फुटतच नाहीत. त्यांना वेगळं पान दे आणि ती पाठच कर.