इराणच्या वाळवंटातल्या छोट्या खेड्यात नदी नाही, पाऊस नाही, मग शेती कशावर होते? आपल्याकडे तसं करता येईल का?

कनातवर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्यावर होते. अफगाणिस्तानात हेरातच्या बाजूला यालाच कारेज म्हणतात. मध्य इराणमधल्या यज्द भागातल्या खेड्याचं उदाहरण धरून सांगतो, म्हणजे आकडे नीट पटतील.

यज्दला वर्षाकाठी ५०-६० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैत एका संध्याकाळी तेवढा होऊन जातो. पण यज्दच्या नैर्ऋत्येला शीरकूह हा ४००० मीटरच्या वर गेलेला डोंगर आहे. त्यावरचं बर्फ वितळतं आणि पायथ्याच्या गाळगोट्यांच्या उतारात मुरतं. कनात म्हणजे या मुरलेल्या पाण्यापर्यंत खणलेला, जेमतेम उतार असलेला बोगदा. पंप लागत नाही, पाणी उतारानेच बाहेर येतं. ते जिथे उजेडात येतं त्या जागेला मजहर म्हणतात आणि गाव तिच्या खालच्या अंगाला वसतं. अशा खेड्यात रस्ते आणि घरं वेडीवाकडी वाटतात, पण पाण्याच्या वाटेने चालत गेलं की रचना लक्षात येते. मजहरजवळ पिण्याचं पाणी भरायचं, मग घुमटाखालचा हौद (आब-अंबार), मग श्रीमंतांच्या बागा, त्याखाली कपडे-भांडी आणि शेवटी गहू, जव, लसूणघासाची शेतं. बोगदा वस्तीखालून जात असेल तर पाण्यापर्यंत पायऱ्या उतरवलेल्या असतात, त्यांना पायाब म्हणतात.

आता खोदकाम. ते करणारे कारागीर म्हणजे मुकन्नी. आधी डोंगराच्या बाजूला चाचणीची विहीर (गमाना) घेतात. पाणी लागलं आणि काही दिवस उपसूनही टिकलं, तर तीच मादरचाह, म्हणजे आईविहीर होते. मग खोलीचं गणित, आणि ते चक्क दोरीवर होतं. मादरचाहमध्ये पाण्यापर्यंत दोरी सोडून खूण करायची. पुढच्या विहिरीच्या जागेपर्यंत जमीन किती उतरली ते पाणसळीने मोजायचं आणि दोरीतून तेवढी लांबी वजा करायची. उरलेली दोरी म्हणजे बोगदा सपाट धरला तर त्या विहिरीची खोली. असं करत जिथे दोरी संपते, तिथे सपाट बोगदा जमिनीवर येईल. मजहर त्याहून थोडं खाली धरायचं आणि तो फरक सगळ्या विहिरींत वाटून प्रत्येक खोलीत मिळवायचा. तोच बोगद्याचा उतार.

समजा जमीन १०० मीटरला १ मीटर उतरते आणि बोगदा १००० मीटरला १ मीटर. ५ किलोमीटरवर जमीन ५० मीटर चढलेली असेल, बोगदा फक्त ५. म्हणजे मादरचाह ४५ मीटर खोल. दर ३० मीटरला एक उभी विहीर धरली तर दीडशेच्या वर विहिरी होतात. हे लहान कनातचं माप. ईशान्य इराणमधल्या गोनाबादच्या कसबा कनातची लांबी ३३ किलोमीटर आहे आणि मादरचाह ३०० मीटरच्या आसपास खोल सांगतात.

प्रत्यक्ष खणणं मजहरकडून वर डोंगराच्या दिशेने चालतं, म्हणजे लागलेलं पाणी मुकन्नीच्या पाठीमागे वाहून जातं. उलट बाजूने खणलं तर माणूस पाण्यात अडकेल. बोगदा साधारण ६०-८० सेंटिमीटर रुंद आणि सव्वा ते दीड मीटर उंच, एक माणूस वाकून जाईल एवढा. सरळ रेषा राखायला मागे दोन दिवे ठेवतात. मागे वळून पाहिल्यावर दोन्ही एकामागे एक दिसले की दिशा बरोबर. दिवा मंदावला तर हवा खराब, ताबडतोब बाहेर. वर रहाटावर दोघे हातापायांनी पोहरा ओढतात. पोहरा पूर्वी चामड्याचा असे, आता टायरच्या रबराचा. निघालेली माती विहिरीच्या तोंडाभोवती कड्यासारखी रचतात, म्हणजे अचानक आलेल्या पुराचं पाणी आत शिरत नाही. विमानातून दिसणाऱ्या खड्ड्यांच्या ओळी त्या याच.

उतारात सगळी मेख आहे. १००० ला १ म्हणजे १०० मीटरला फक्त १० सेंटिमीटर. जास्त दिला तर पाणी तळ आणि बाजू खरवडतं आणि छत बसतं. कमी दिला तर गाळ साचून पाणी तुंबतं. भुसभुशीत मातीत भाजक्या मातीची अंडाकृती कडी (कवल) एकाला एक लावत नेतात. बोगद्याच्या वरच्या भागात भिंतींतून पाणी झिरपून आत येतं, खालचा कोरडा भाग ते फक्त वाहून नेतो आणि गळतीही तिथेच होते. म्हणून दुरुस्ती काढताना खालच्या टप्प्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

माझ्या मते मात्र खणण्यापेक्षा वाटप अवघड. कनातला तोटी नसते, ते रात्रंदिवस, थंडीतही वाहतं. सेकंदाला ५ लिटर धरलं तर तासाला १८,००० लिटर, दिवसाला ४,३२,००० लिटर. हे पाणी मोजायचं कशाने? वेळेने. जमिनीची मालकी वेगळी, पाण्याची वेगळी. कुणाकडे अमुक दिवसांच्या फेरीत अमुक मिनिटं असतात. ती वारसाने मिळतात, विकता येतात, भाड्याने देता येतात, मशिदीला वक्फही करता येतात. फेरी गावागणिक बदलते, बारा-पंधरा दिवसांची असू शकते. पाळी पाहणारा तो मीराब, आपल्याकडचा पाटकरी. त्याच्यापुढे पाण्याने भरलेलं मोठं भांडं आणि त्यात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक माप. आपल्या लग्नातलं घटिकापात्र ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक बुडण्याला एक खडा बाजूला ठेवायचा, खडे संपले की दार दुसऱ्याच्या वाफ्यांकडे. कुणाची पाळी रात्री येते, मग रात्रीच दारं धरायची. नेहमी एकाच्याच वाट्याला रात्र येऊ नये म्हणून काही गावांत क्रम फिरवतात.

प्रवाह बारीक असेल तर थेट दांडात सोडून उपयोग नाही, पहिल्या शंभर पावलांतच जमीन पिऊन टाकते. म्हणून मजहरखाली तळं (इस्तख्र) बांधून रात्रभर साठवतात आणि सकाळी जोराने सोडतात. वाफे छोटे आणि अगदी सपाट हवेत. डाळिंब, पिस्ता आणि गोनाबादकडे केशर हे थोड्या पाण्यावर पैसा देणारं पीक.

बिघडतं कसं? गाळ नेमाने काढला नाही तर पाणी कमी होतं. पाणी कमी झालं की भागीदार वर्गणी द्यायला कुरकुरतात, मग गाळ आणखी साचतो. वाटे पिढ्यांगणिक चिरफळत मिनिटांवर येतात आणि तीन मिनिटांचा मालक तेहरानात बसून पैसे पाठवत नाही. १९६० च्या दशकातल्या जमीन सुधारणेनंतर खर्च उचलणारे जमीनदार गेले. कूळ मालक झालं, पण देखभालीची घडी अनेक ठिकाणी विसकटली. खरा घाव खोल विंधन विहिरींनी घातला. वरच्या अंगाला पंप बसला की भूजल खाली जातं आणि मादरचाह कोरडी पडते. मुकन्नी बोगदा आणखी पुढे नेऊन पाणी गाठतो, पण वर्षावर्षाला पळणाऱ्या पाण्याचा पाठलाग हाताने किती करणार? इराणच्या दिवाणी कायद्यात (कलम १३८) कनातभोवती भुसभुशीत जमिनीत ५०० गज आणि कठीण जमिनीत २५० गज संरक्षित हद्द आहे, गज साधारण मीटरभराचा. हाताने खणलेल्या विहिरींना ते पुरत होतं, शंभर-दोनशे मीटर खोल पंपापुढे नाही. भूकंप वेगळाच: २००३ च्या भूकंपात इराणमधल्या बम शहराबरोबर तिथल्या कनातींचीही पडझड झाली.

आपल्याकडे? बुऱ्हाणपूरचं कुंडी भंडारा याच जातीचं, १६१५ च्या सुमाराचं. ते जमलं कारण गाव तापीच्या गाळावर आहे आणि मागे सातपुडा. मलिक अंबरच्या औरंगाबादेतल्या नहर-ए-अंबरीनेही उताराचंच तत्त्व वापरलं. पण दख्खनच्या बहुतेक गावांखाली काळा पाषाण आहे, जाड गाळाचा थर नाही, त्यामुळे नवी कनात खणायचा नाद करू नये. घेण्यासारखं आहे ते वाटप, आणि त्यासाठी इराणपर्यंत जायची गरज नाही, खानदेशातली फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी रीत) अभ्यासली तरी चालेल.

कुणी पाहायला जाणार असेल तर यज्दच्या पाणी संग्रहालयात अवजारं आणि वाटी पाहावी, मग जवळच्या मेहरीज किंवा जार्च गावाकडे जावं. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या ११ कनातींपैकी काही याच पट्ट्यात आहेत. गावाबाहेर मातीच्या कड्यांजवळ मात्र जाऊ नका. कडेची माती सैल असते, तोंड बऱ्याचदा उघडंच असतं आणि खाली किती खोल आहे ते वरून कळत नाही.