आधी लेकीला सांग

मावशी,
नोकरीमुळे मी न्यू जर्सीत असतो. दीड महिन्यापूर्वी सांगलीजवळच्या आमच्या गावी वडील वारले. व्हिसा स्टँपिंगची तारीख मिळत नव्हती, गेलो असतो तर परत यायचं अवघड होतं. नाही गेलो. अग्नी धाकट्या भावाने दिला. दहाव्याला मी फोनवर होतो. कावळा शिवेना. शेवटी भावाने पिंडासमोर फोन धरला. मी म्हटलं, "अण्णा, नातीला मराठी वाचायला शिकवीन, काळजी करू नका." तेव्हा शिवला. आता प्रश्न असे. अण्णा गेले तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजले होते, इथे आदली संध्याकाळ होती. श्राद्धाला तिथी कोणती धरू? केस काढले नाहीत, चालेल का? इथे पुन्हा विधी करावा का? केलेलं अण्णांना पोहोचलं असेल? मुलीला (वय ८) अजून सांगितलेलं नाही, लहान आहे.

तिथीचं आधी उरकते. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. हे आकाशात घडतं, तुझ्या घड्याळात नाही. सांगलीला पहाट असो नाहीतर न्यू जर्सीत संध्याकाळ, त्या क्षणी तिथी एकच होती. भाऊ धरतोय तीच धर. केसांचा विषय सोड. विधी भावाने केलाय, पुन्हा करायची गरज नाही.

लांब असलेल्या मुलाचा विचार जुन्या लोकांनी केव्हाच करून ठेवलाय. काशीला किंवा पलटणीत गेलेल्याला घरची बातमी पोहोचायला महिने लागायचे. म्हणून शास्त्रात सोय आहे: आईवडील गेल्याचं मुलाला कितीही उशिरा कळलं, तरी ऐकलं त्या दिवसापासून त्याने दहा दिवस सुतक पाळायचं. बातमी कानावर पडली की शोक सुरू.

आता सांग, तुझ्या घरात कोणाच्या कानावर अजून काहीच पडलेलं नाही?

पत्रात तिच्या वाट्याला एक ओळ आलीय, तीही शेवटची, वय कंसात घालून. कावळ्यापुढे मात्र तिलाच उभं केलंस! अण्णांचा जीव कशात अडकला होता हे तुला बरोबर ठाऊक होतं. सगळा घाट तिच्या नावाची हमी ऐकत होता, आणि तुझ्याकडे तेव्हा रात्र, म्हणजे ती बहुधा पलीकडच्या खोलीत झोपलेली.

दीड महिन्यात "आजोबांना फोन लाव" असं ती एकदाही म्हणाली नसेल हे मी मानत नाही. काय सांगतोस? रेंज नाही? झोपलेत? आठ वर्षांच्या पोरीचा हिशेब सरळ असतो: आजोबा फोन घेत नाहीत म्हणजे माझ्यावर रागावलेत.

आणि तुझ्या आईचं काय? आजीचं कपाळ पाहून पोर विचारेल म्हणून व्हिडिओ कॉलही टाळत असशील. (कुंकू पुसायची चाल बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये केला. तुमच्या गावाने केलाय का, बघ.) नवरा गेला आणि पाठोपाठ नातही दिसेनाशी झाली. त्या बाईने कोणाकडे बघायचं?

"लहान आहे" हे मला पटत नाही. तिच्यासमोर रडावं लागेल, त्याला तू घाबरतोस. गावी असतास तर लपवायला जागाच नव्हती. तिसऱ्या दिवशी सावडायला भावकी जमते, पाहुणे कडू घास घेऊन येतात, दारात चपलांचा ढीग पडतो. त्या गर्दीत पोरं पळत असतात आणि कोणीतरी काकू एखादीला मांडीवर घेऊन सांगून टाकते. तुझ्या फ्लॅटच्या दारात तुमच्याच चपला. तेव्हा काकूचं काम तुझ्यावर आलंय.

आज रात्रीच सांग. "आजोबा वारले" असंच म्हण. तारा झाले, देवाघरी गेले असलं काही नको; गेलेलं माणूस परत येतं अशी पोरांची समजूत असते. केव्हा वारले ते खरं सांग. दीड महिना लपवलं हेही सांग आणि त्याबद्दल तिची माफी माग. ती चिडेल. चिडू दे. रडू आलं तर आवरू नकोस. मग कावळ्याची गोष्ट सांग. "मला का नाही उठवलंस?" असं ती विचारेल. याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडेही नसेल. गप्प बसून ऐकून घे.

पोहोचलं का म्हणून विचारलंस ना? पिंड पोहोचला असेल. शब्द दिलाय तो अजून तुझ्याच घरात पडून आहे.

तुझ्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा. आई उठलेली असेल. व्हिडिओ कॉल लाव, फोन मुलीच्या हातात दे आणि तू खोलीबाहेर जा.

— मावशी