वाचकांचे प्रश्न : अंगणातले मातीचे स्वयंपाकघर

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा असून जावेची मुलगी सहा वर्षांची आहे. दोघेही दिवसभर अंगणात माती कालवत बसतात. शहरातल्या नातेवाइकांकडे मी मुलांसाठी तयार केलेले ‘मड किचन’ पाहिले, पण त्याची किंमत आम्हाला परवडणारी नाही. घरी असलेल्या सामानातून ते करता येईल का? आमची जमीन काळी आहे, ती चालेल का? सासूबाईंना दोन शंका आहेत. मातीने पोर आजारी पडेल, ही पहिली. आणि मुलाने चूल-बोळकी कशाला खेळायची, ही दुसरी.
(एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, ज्याला आज मड किचन म्हणतात ती आपली भातुकलीच आहे; फरक एवढाच की तिला अंगणात कायमची जागा मिळते आणि मुलांना उभे राहून काम करता येईल असा एक ओटा मिळतो. त्यामुळे विकत काही आणण्याची गरज नाही. लक्ष घालायचे ते तीन गोष्टींत : जागा कोणती, माती कुठली आणि भांडी कशाची.

जागा कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत निवडावी, कारण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो आणि उन्हात राहिलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या गंजाने (पातेल्याने) कोवळ्या हाताला चटका बसतो. गोठा, उकिरडा आणि शौचालय यांच्यापासून ती दूर असावी, तसेच स्वयंपाक करताना तुमची नजर सहज पोहोचेल अशी असावी. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच खेळू द्यावे. पावसाळ्यात ढग गडगडू लागले की मुलांना झाडाखालून उठवून घरात न्यावे.

ओट्याची उंची मुलाच्या कमरेच्या थोडी खाली, म्हणजे तुमच्या दोघांसाठी साधारण दीड फूट असावी. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट विटा रचल्यास पहिल्याच पावसाळ्यात ओटा कलतो. त्यासाठी दोन्ही खांबांच्या जागी फूटभर खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम भरावा, पाणी मारावे आणि धुम्मसाने घट्ट ठोकावा. त्यावर प्रत्येक थरात दोन विटा, पुढच्या थरात त्यांची दिशा फिरवून, असे पाच थर एकास सहा या प्रमाणातल्या सिमेंट-वाळूच्या मालाने बांधले की दोन खांबांना वीस विटा पुरतात. नुसत्या चिखलात बांधलेला खांब मूल लोंबकळल्यास पडू शकतो, म्हणून एवढ्यापुरते सिमेंट वापरावेच. बाहेरून हवे तर मातीने लिंपून घ्यावे. वरून जुन्या कवाडाची चार फूट लांब आणि फूटभर रुंद फळी टाकावी. फळीची टोके खांबांच्या बाहेर येऊ देऊ नयेत, नाहीतर टोकावर भार पडताच फळी उलटते. खिळे उपटून टाकावेत आणि कडा घासून घ्याव्यात. कवाडाला जुना रंग असेल तर तो खरवडण्याच्या भानगडीत न पडता बिनरंगाची दुसरी फळी शोधावी, कारण जुन्या रंगांमध्ये शिसे असू शकते. सिमेंटच्या जुन्या पत्र्याचा तुकडाही वापरू नये. त्यात ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक खनिज असते.

ओट्याखालची जागा मोकळी ठेवावी, हे मी आग्रहाने सांगते. तिथे विटा, तुराट्या, पऱ्हाट्या किंवा सामानाचे कप्पे ठेवले तर विंचू आणि मण्यार यांना आडोसा मिळतो, आणि मूल न बघता आत हात घालते. सकाळी खेळ सुरू होण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने भांडी काठीने हलवून बघण्याची सवय ठेवावी.

आता मातीविषयी. तुमची काळी माती चालते, पण एकटी वापरली तर ओली असताना ती हाताला चिकटून राहते आणि वाळली की केलेली भाकर तडकते. दोन घमेली काळ्या मातीत एक घमेले वाळू मिसळली की ती मुलांच्या हाताला येते. गावात पडलेल्या जुन्या घराची पांढरी माती मिळाली तर ती उत्तम, मात्र काचा आणि खिळे जाण्यासाठी चाळणीने चाळून घ्यावी. वारुळाची माती चुलीसाठी चांगली असली तरी त्यासाठी वारूळ फोडू नये, तिथे नाग असू शकतो. ओट्यावरची छोटी चूल मात्र मातीत थोडे कुटार (धान्याचा भुसा) मळून मुलांना स्वतःच्या हातांनी घालू द्यावी. तिला तुम्ही आकार देऊ नका. वाकडी झाली तर मूल ती मोडून पुन्हा घालते, आणि माझ्या मते खेळातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. चुलीत विस्तव कधीही घालू नये. पळसाची केशरी फुले आत ठेवली की जाळ दिसतो.

माती शेतातून, विशेषतः कपाशीच्या फवारलेल्या वावरातून किंवा धुऱ्यावरून (बांधावरून) आणू नये. 2017 च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. कीटकनाशकाचे डबे, बाटल्या, झाकणे आणि फवारणीची मापे कितीही धुतली तरी ती मुलांच्या हाती देऊ नयेत. माझ्या सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ही राहावी.

भांडी घरातली जुनीच चांगली : पोचा आलेला गंज, परात, पळी, दांडा ढिला झालेला सराटा (उलथणे), नारळाच्या करवंट्या. फुटलेले काचसामान आणि गंजलेले पत्र्याचे डबे नकोत. ‘भाजी’साठी शेवग्याचा पाला, जास्वंद, झेंडू आणि चिंचेची टरफले चालतात, माझ्या ओळखीची एक पोर कडुनिंबाचा पाला बारीक तोडून त्याला सांभार (कोथिंबीर) म्हणते. मात्र परिसरात धोत्रा, एरंड, चंद्रज्योत, गुंज, कण्हेर आणि रुई असेल तर मुलांना ती विषारी झाडे दाखवून ओळख करून द्यावी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपण लहानपणी खेळलो असलो तरी ते फळ विषारी आहे. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात पोहोचतात. चिंचोके आणि खडे तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नसावेत.

पाणी दोघांना मिळून रोज दोन तांबे द्यावे, तेही भाजी किंवा तांदूळ धुतलेले. टंचाईच्या दिवसांत ते पुरते, आणि मोजके पाणी मिळाले की मुले ते विचार करून वापरतात. बादली भरून ठेवू नये. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. खेळ संपला की भांडी पालथी घालावीत, म्हणजे डास अंडी घालत नाहीत.

सासूबाईंची पहिली शंका रास्त आहे आणि तिला उपाय आहे. अंकुशकृमी हा जंत उघड्या पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतो, म्हणून पायात चप्पल हवी. आणलेली माती कडक उन्हात पातळ पसरून वाळवावी, कारण कोरड्या मातीत या कृमीच्या अळ्या टिकत नाहीत. रात्री मांजरे घाण करू नयेत म्हणून मातीवर ताडपत्री टाकावी. खेळानंतर नखांसकट हात साबणाने धुवावेत. धनुर्वाताचा समावेश असलेली लस दीड वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या सुमारास द्यायची असते. दोघांची लसीकरणाची कार्डे एकदा तपासा. मूल खेळताना चुकून माती तोंडात घालते ते वेगळे, पण ते रोज हट्टाने माती खात असेल तर त्यामागे रक्तातील लोहाची कमतरता असू शकते, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

दुसऱ्या शंकेसाठी सासूबाईंना एवढेच विचारा की वावरात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे पानगे आणि रोडगे कोण भाजते. आपल्याकडे तो स्वयंपाक पुरुषच पुढे होऊन करतात. तुमच्या मुलालाही पळसाच्या दोन पानांत मातीचा पानगा थापायला शिकवा, हे काम त्याला नक्की आवडेल.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. वीस मुलांसाठी असेच काही करता येईल का? मुले भांडतील अशी भीती वाटते.
(एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : करता येईल, पण एका वेळी पाच-सहा मुलेच तिथे असावीत. एक लांब ओटा करण्यापेक्षा दोन छोटे ओटे समोरासमोर करावेत, म्हणजे मुले एकमेकांकडे बघून बोलतात. भांडण बहुधा एकुलत्या एका वस्तूवरून होते, म्हणून पळ्या आणि गंज किमान चार-चार सारख्या आकाराचे मागून आणावेत. गावात एक-दोन पालकांनाच विचारून पाहा. उरलेल्या मुलांना पाला निवडणे, माती चाळणे आणि पाणी मोजून आणणे ही कामे आळीपाळीने द्यावीत. भांडी किती आणि वाट्या किती हे मोजायला तिथे वेगळा तक्ता लागत नाही. चार जणांसाठी पाच भाकरी थापल्या की ‘एक उरली’ हे मूल स्वतःच सांगते. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या जंतनाशक दिनांना एकही मूल गोळीशिवाय राहणार नाही, एवढे हजेरीपट घेऊन पाहावे. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांसाठी नंतर फेरी ठेवली जाते, तिची तारीख आशाताईंकडून घ्यावी.