जुनी जिप्सी घेताना

प्रश्न : रत्नागिरीत वापरलेली 2008 सालची मारुती जिप्सी मिळते आहे. रंग नवा आहे, पण पत्रा टिकाऊ आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर : नव्या रंगानेच सावध व्हावे. जिप्सीची बॉडी शिडीसारख्या स्वतंत्र चासीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेली असल्यामुळे पत्रा बदलता येतो. मात्र खाऱ्या हवेने चासीच आतून खाल्ली असेल, तर स्वस्तातला सौदाही महागात पडतो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून, पाटे (चाकांजवळच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे चासीला जोडलेले असतात त्या जागा हातोडीने हलकेच ठोकून पाहाव्यात. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर सौदा सोडावा. दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक धरल्यास पुट्टी (गंजलेला पत्रा झाकणारा लेप) कळतेच, कारण जाड पुट्टीवर चुंबक नीट चिकटत नाही. चासीवर ताजे काळे कोटिंग दिसले, तर ते खरवडून पाहिल्याशिवाय मी तरी विसार देणार नाही.